कडीला निळं फडकं

माझा धाकटा भाऊ संजू बोलायला उशिरा लागला, असं आई सगळ्यांना सांगायची. माझं मत वेगळं आहे. तो वेळेवरच लागला असणार. पण आमच्या घरात कुजबुजून बोलायचीच पद्धत असल्यामुळे ते कुणाच्या कानावर गेलं नसावं. मी स्वतः शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवायची आणि बाई मला लबाड समजायच्या. लबाडी नव्हती ती. वडील रात्रीच्या, तिसऱ्या पाळीला असले की दिवसा आवाज चढवायचा नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं की घरापासून लांब, शाळेच्या पटांगणातसुद्धा माझा गळा त्यांची झोप सांभाळत असायचा.

आम्ही दापोडीत राहायचो, रेल्वेलाइनच्या अंगाला असलेल्या गल्लीत, एकाला एक चिकटलेल्या खोल्यांपैकी दोन खोल्यांत. आई-अप्पा मूळचे बार्शीकडचे. अप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत मशीनवर होते आणि त्यांची पाळी आठवड्याला बदलायची. मागच्या खिडकीखालून लोकल गेली की फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या, देवाच्या फोटोची चौकट भिंतीवर टकटक करायची, आणि अप्पा ढिम्म हलायचे नाहीत. पण स्वयंपाकघरात चमचा पडला की ताडकन उठून बसायचे. लोकलवर त्यांचा भरवसा होता. आमच्यावर नव्हता.

ही झोप राखायचं काम आईचं. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात आमच्याकडे भाकरी होत नसे, पोळी होई. कारण भाकरी थापावी लागते आणि पोळी लाटता येते. ज्वारीवर वाढलेल्या माणसांनी आवाजासाठी गहू खाणं हा प्रकार मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. शेंगदाण्याची चटणी बंद, कारण खलबत्ता. कुकरची शिट्टी वाजायच्या बेतात आली की आई ती चिमट्यानं अलगद उचलायची, तान्ह्या पोराला पाळण्यातून उचलावं तशी. देवाची पितळी घंटा चांगली मोठी होती, बार्शीहून आणलेली. तिच्या पोटात आई चिंधी कोंबून ठेवायची आणि पूजेला ती नुसतीच हलवायची. देवालाही आमच्याकडे तिसरी पाळी होती. आणि बाहेरच्या दाराच्या कडीला मशीन पुसायचं निळं फडकं बांधायचं. ही मात्र आमच्या एकट्यांची नव्हे, सगळ्या गल्लीचीच रीत. कडीला फडकं म्हणजे आत नाइटवाला झोपलाय. भाजीवाला तेवढ्या दारासमोर आवाज गिळायचा, पोरं चेंडू घेऊन पुढे सरकायची, आणि आमची घरमालकीण, जी मूळची इथल्याच जुन्या शेतकरी घरातली आणि एरवी लाउडस्पीकरला मागे टाकणारी, ती खुणांनी भाडं मागायची.

अप्पांच्या स्वभावाबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी विचारते, कुठल्या पाळीचा? पहिल्या पाळीतले अप्पा हसरे, संध्याकाळी आम्हाला घेऊन पुलाकडे भेळ खायला जाणारे. दुसऱ्या पाळीतले अप्पा म्हणजे चपलांचा एक जोड, सकाळी दिसायचा, दुपारी गायब. आणि तिसऱ्या पाळीतले अप्पा म्हणजे भिजलेली गादी: जड, गप्प, कशावरही न वाळणारी. एकच माणूस, पण आठवड्याच्या शेवटी साधी बेरीज चुकायचा आणि चुकला म्हणून आमच्यावर चिडायचा. म्हणून घरात काही मागायचं असलं की आधी पाळी बघायची. बारावीनंतर मानसशास्त्र घेण्याची परवानगी मी पहिल्या पाळीच्या मंगळवारी मागितली आणि ती हसत मिळाली. संजूनं सायकल मागितली तिसऱ्या पाळीच्या शुक्रवारी. त्याला काय मिळालं ते सांगत नाही, पण सायकल नव्हती. झोपेचा आणि स्वभावाचा संबंध मी कॉलेजात जाऊन शिकायची काही गरज नव्हती. तरी शिकायला गेले, आणि जो धडा घरात भिंतीसारखा समोर उभा होता तोच मला दिसला नाही.

ते असं झालं. कंपनीनं नवा प्लांट काढला चाकणला, आणि अप्पांची बदली तिकडे झाली. आधी सायकलवर जाणारे अप्पा आता कंपनीच्या बसनं जायला लागले. पहिल्या पाळीची बस हायवेला इतक्या पहाटे यायची की डब्यासाठी आई कधी उठते हे विचारायचीही सोय नव्हती. आम्ही उठायचो तेव्हा ती उठलेलीच असायची. दुसऱ्या पाळीहून अप्पा आले की त्यांना गरम वाढायला ती जागी. तिसऱ्या पाळीला दिवसा पहारा. आणि मधल्या वेळात तिचं स्वतःचं काम. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून तिच्याकडे रबराच्या रिंगांच्या पिशव्या यायच्या; साच्यातून निघालेल्या रिंगेला कडेनं रबराचा पापुद्रा राहतो, तो बारीक कात्रीनं कापून काढायचा. गल्लीतल्या बऱ्याच बायका हे करायच्या, पण आईची रिंग हातात घेतली की बोटाला कड लागायची नाही. हे काम तिनं का निवडलं, तर त्याचा आवाज होत नाही म्हणून.

पहिल्यांदा भाजीत दोनदा मीठ पडलं. कुणाच्या घरात पडत नाही? मग ती मला संजू आणि संजूला नंदा म्हणायला लागली. एकदा अप्पांच्या डब्यात पोळ्यांच्या जागी पोळ्यांचं रिकामं फडकं व्यवस्थित घडी घालून गेलं, आणि चाकणच्या कॅन्टीनमध्ये अप्पांची पंधरा दिवस थट्टा झाली. "काय राव, वहिनींनी आज नॅपकिन दिलाय, जेवण कुठाय?" आई हसली नाही. ती चिडायला लागली, मग चिडल्यावर रडायला लागली, आणि हे दोन्ही ती आवाज न करता करायची, त्यामुळे आम्हाला बरेच दिवस पत्ताच नव्हता. मग रिंगांची एक पिशवी परत आली. कात्री आत गेली होती, रिंगा कापल्या गेल्या होत्या. वर्कशॉपचा माणूस चांगला होता, म्हणाला, "ताई, होतं एखाद्या वेळी." पुढच्या आठवड्यात दुसरी पिशवी परत आली तेव्हा तो काहीच म्हणाला नाही. आणि मग किल्ली हरवली.

लोखंडी कपाटाची किल्ली. ती आईच्या कमरेला असायची, चांदीच्या छल्ल्यात, आणि छल्ल्याला बारीक घुंगरं. छल्ला तिच्या आईनं तिला लग्नात दिलेला. आई घरात कुठे आहे हे आम्हाला त्या घुंगरांवरून कळायचं. हल्ली ती वाजत नाहीत हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कपाटात आमचे बरे कपडे, अप्पांचा स्वेटर, सगळं अडकलं. घर धुंडाळून झालं, तांदळाचा डबा उपसून झाला. अप्पा कंपनीतून करवतीचं पातं घेऊन आले आणि म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे, कापतो."

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. "किल्ली मी ठेवलीय. मलाच आठवली पाहिजे."

"अगं, पण नाही आठवली तर?"

"आमच्या आईचंपण किल्लीपासूनच सुरू झालं होतं," आई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हा आम्हाला कळलं की ती कशाला घाबरलीय. बार्शीच्या आजीला मी पाहिली होती. ओसरीवर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला "माझ्या पेटीची किल्ली कुणी घेतली?" असं विचारायची, आणि ज्यांना विचारायची त्यांत तिची स्वतःची मुलगीही अनोळखी पाहुण्यासारखी उभी असायची. गावात म्हणायचे, म्हातारी भुलली. आजी तेव्हा सत्तरीची होती. आई चाळिशीचीही नव्हती.

अशा वेळी घरातल्या शिकलेल्या माणसानं पुढे व्हायला हवं, म्हणून मी झाले. मानसशास्त्राचं माझं पहिलं वर्ष चालू होतं आणि पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं मी वाचली होती, त्यातलं एक स्मरणशक्तीवर. मी ताटात वाटी, चमचा, सुपारी, पेन, बटण अशा वस्तू मांडल्या, आईला दाखवल्या आणि वर टॉवेल टाकला. "सांग आता, काय काय होतं?"

"वाटी," आई म्हणाली. "चमचा. सुपारी." मग बराच वेळ ती त्या टॉवेलकडे बघत राहिली. "आणि तुझं डोकं. तो टॉवेल धुतलेला होता, खाली घातलास."

मी वहीत लिहिलं: चिडचिड. शिवाय रोज रात्री भिजवलेले बदाम तिला द्यायचे असा नियम केला. ते बदाम ती सोलून संजूच्या डब्यात टाकायची. त्या वर्षी संजूला पाढे फार छान पाठ झाले.

शेवटी अप्पांनी एक गुरुवार, म्हणजे कंपनीच्या सुट्टीचा दिवस, बघून चिंचवडला एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. डोक्याच्या डॉक्टर, एवढंच आम्हाला माहीत. आई जायला तयार नव्हती. "त्यांनी सांगितलं की झालं. न सांगितलेलं बरं," असं ती बसमध्ये म्हणाली. मला आठवतं, पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मीठ, नावं, डबा, रिंगा, किल्ली, बार्शीची आजी. माझ्या ताटाच्या प्रयोगाचं वर्णन मी स्वतः केलं. त्यांनी मान डोलावली, ती कौतुकानं नव्हे हे मला आता कळतं. मग त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"तशी बरी आहे," अप्पा म्हणाले. "पहिल्या पाळीला नऊलाच पडतो. तिसऱ्या पाळीला जरा कमी होते, खिडकीतनं ऊन येतं ना."

"मधेच उठून बसतात," आई म्हणाली. "पडदा शिवलाय मी जाड."

"पण चाकणच्या बसमध्येही होते त्यांची थोडी," मी माहिती पुरवली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पेशंट कोण आहे?"

"ही की," अप्पा म्हणाले.

"मग मी ह्यांची झोप विचारतेय."

खोलीत अशी शांतता पसरली की आमच्या घरात शोभली असती. अप्पांनी आईकडे बघितलं. मशीनवर एखादा जॉब येतो आणि त्याचं ड्रॉइंगच बरोबर आलेलं नसतं, तेव्हा ते तसं बघत असणार. "झोपते की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कधी झोपतेस गं तू?"

आई आठवायला लागली. तिनं खरंच प्रयत्न केला, ताटावर टॉवेल टाकला होता तेव्हा केला होता तसाच. "पहिल्या पाळीला ह्यांचा डबा असतो. दुसरीला हे आल्यावर. तिसरीला दिवसा कुणीतरी जागं पाहिजे."

"आणि रात्री?"

"रात्री पडते. पण डोळा लागत नाही. आता उठायचंच आहे, मग कशाला, असं होतं."

"ह्यांना झोपलेलं कुणी पाहिलंय?" डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघून विचारलं. मी आठवून पाहिलं. आई बसलेली, उभी, वाकलेली, धुणं पिळणारी, सगळी आठवली. डोळे मिटलेली आठवेना. त्यांनी आजीबद्दल काही खात्री दिली नाही की भीतीही घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "आधी ह्यांना झोपवा. इतके दिवस न झोपलेल्या माणसाला मी तपासून काय करू? विसरणारच त्या, आणि रडणारही. झोपून उठल्यावरसुद्धा असंच राहिलं, तर या."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. हायवेची जुनी बस, पत्रा न् पत्रा खुळखुळणारा, कंडक्टर दांड्यावर पंच आपटतोय, मागे दोघं भांडतायत. पिंपरी यायच्या आत आईची मान खिडकीच्या गजावर टेकली आणि तोंड उघडं पडलं. मी आणि अप्पा बघतच राहिलो. अनोळखी बाई वाटली ती मला. दापोडी आली तेव्हा अप्पांनी तिला उठवलं, आणि उठवताना "सॉरी" म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून आईला झोपवायची मोहीम सुरू झाली. अप्पांची दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. त्यांनी आईला बाहेरच्या खोलीत त्यांच्याच गादीवर निजवलं, जाड पडदा ओढला, कडीला निळं फडकं बांधलं आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तेवढ्यात मालकीणबाई आल्या, फडकं बघून थबकल्या, मग पायरीवर अप्पांना बघून चक्रावल्या.

"आवो," त्या कुजबुजल्या, "तुमी तर भाईर बसलाय. मग आत कोन झोपलंय?"

"ही."

"आजारी हाय व्हय?"

"न्हाई. झोपलीय."

"दिवसाची? बाईमानूस?" मालकीणबाईंना हे पचेना. त्या गेल्या, आणि अर्ध्या तासात गल्ली एकेक करून पायांच्या बोटांवर चालत येऊन गेली. एकीनं साबुदाण्याची खिचडी आणली. एकीनं मला बाजूला घेऊन, तुला भाऊबहीण होणार आहे का, असं विचारलं. सगळं इतकं हलक्या आवाजात की एरवी लोकलच्या आवाजात बुडून जाणारं भिंतीवरचं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. आणि आत आई छताकडे बघत पडली होती.

"नंदे," तिनं हाक मारली, "दूध उतू जातंय का?"

"दूध ठेवलेलंच नाही, आई."

"मग एवढं शांत का आहे?"

बुधवारपर्यंत रोज सकाळी हेच चाललं. जितकं आम्ही गप्प व्हायचो तितके तिचे डोळे मोठे व्हायचे. "शांत झालं की मला वाटतं, हे झोपलेत, आता मी हलायचं नाही," ती म्हणाली. "मला झोपताच येत नाही वाटतं आता. तेपण विसरले." एवढी एकच गोष्ट घाबरवणारी होती बघा त्या सगळ्यात: किल्ली विसरलेली बाई समजू शकते, पण झोपायचं कसं हेच विसरलेल्या बाईला कुणी काय सांगणार?

 गुरुवारी, सुट्टीच्या सकाळी, चहा पिता पिता अप्पा एकदम म्हणाले, "बसमध्ये कशी झोपली गं ही?"

मी म्हटलं, "दमली होती."

"दमलेली तर रोजच असते. नाही, ते नाही. आमच्याकडे मशीन चालू असलं की ऑपरेटर उभ्या उभ्या डुलकी काढतो. सुपरवायझर ओरडला तरी उठत नाही. पण मशीन थांबलं, आवाज बंद झाला, की खाडकन जागा." त्यांनी कप खाली ठेवला, मुद्दाम, खणकन आवाज करून. आत आई दचकली. "आपण हिच्यासाठी मशीन बंद करून ठेवलंय."

मग ते उठले आणि त्यांनी कडीचं फडकं सोडलं.

पुढचं जे झालं ते मी आजही नीट वर्णन करू शकत नाही, कारण आम्हाला आवाज करता येत नव्हता. वर्षानुवर्षं पाय न वाजवता चालणारी माणसं आम्ही. गोंगाट कुठून सुरू करायचा तेच कळेना. अप्पांनी रेडिओ लावला आणि सवयीनं बारीक केला. मग स्वतःवरच चिडून मोठा केला. संजूला सांगितलं, वाजव काहीतरी. त्यानं आधी देवाची घंटा उचलली. ती नुसतीच थप थप करायला लागली, म्हणून ती परत ठेवून ताट आणि उलथनं घेतलं. मी खलबत्ता काढला आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसले, मग परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. भाकऱ्या मला तेव्हाही येत नव्हत्या आणि आताही माझी भाकरी बघून नवरा हा नकाशातला कुठला जिल्हा असं विचारतो. पण थापायला मी कमी पडले नाही. कुकर लावला आणि शिट्टीला कुणी हात लावला नाही. ती वाजली तेव्हा आम्ही तिघांनीही घाबरून एकमेकांकडे बघितलं.

मालकीणबाई धावत आल्या. "आरं काय चाललंय काय! कुनाचं लगीन हाय?"

"काही नाही, मालकीणबाई," अप्पा रेडिओच्या वर ओरडले. "बायको झोपलीय!"

"झोपलीया? ह्या गोंधळात?"

"तुम्ही पण बसा जरा. बोला. मोठ्यानं!"

आयुष्यभर त्यांना हे असं कुणी सांगितलं नव्हतं. मालकीणबाई उंबऱ्यात फतकल मारून बसल्या आणि त्यांनी आपल्या चऱ्होलीच्या जावेची हकिगत काढली, पहिल्यापासून, जमिनीच्या वाटणीसकट. ती जाऊ कशी आली, काय म्हणाली, मग ह्या काय म्हणाल्या. त्यांचा आवाज घराच्या सगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसला. मी भाकरी तव्यावर टाकून बाहेरच्या खोलीत डोकावले. आईचं तोंड उघडं पडलं होतं. एक हात गादीवरून खाली लोंबत होता आणि मुठीची बोटं सुटलेली होती. मी अप्पांना खूण केली. ते आले, दारातून बघितलं, आणि परत जाऊन रेडिओ आणखी थोडा मोठा केला.

आई दिवेलागणीला उठली. तोवर गल्लीतल्या पोरांना आमच्या दारात क्रिकेट खेळायचं आमंत्रण जाऊन दोन डाव झाले होते आणि मालकीणबाईंचा घसा बसला होता. आई उठून बसली, केस सारखे केले, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "भाकरी कुणी जाळली?"

 अप्पा तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. आई जरा वेळ तशीच बसली, पाण्यात खाली काही पडलंय ते दिसतंय का बघावं तशी. मग म्हणाली, "नंदे, घंटा आण बरं."

मी देव्हाऱ्यातली घंटा आणून दिली. तिनं दोन बोटांनी आतली चिंधी ओढली. चिंधीबरोबर छल्ला बाहेर आला, घुंगरं आली, किल्ली आली. तिसऱ्या पाळीच्या कुठल्याशा सकाळी अप्पा कूस बदलत होते, घुंगरं वाजली, म्हणून तिनं तो छल्ला कमरेचा काढून, दुसरी वाजणारी वस्तू जिथं गप्प केली होती तिथंच कोंबला होता. चाकणची बदली झाल्यापासून कुठल्या ना कुठल्या वेळी कुणीतरी झोपलेलंच असायचं, म्हणून ती चिंधी कधी निघालीच नव्हती. रोज सकाळी पूजेला ती किल्ली स्वतःच्या हातात धरून देवापुढे हलवत होती. अप्पांनी करवतीचं पातं कपाटावरून काढून कंपनीच्या पिशवीत परत ठेवलं. आई मात्र रडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला ते ऐकू आलं.

एका झोपेत सगळं सुटलं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं नव्हतं. आईला बरेच महिने लागले. अप्पा चाकणच्या कॅन्टीनमध्ये जेवायला लागले आणि तिथल्या वरणाची निंदा करत राहिले. मीठ नीट पडायला लागलं, नावं जागेवर आली, रिंगांच्या पिशव्या पुन्हा यायला लागल्या, आणि मी मानसशास्त्राचं चौथं प्रकरण वाचायला घेतलं. आजीचं काय, ह्याचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. आज आई सत्तरीत आहे, संजूकडे चऱ्होलीला असते. त्यांच्या बिल्डिंगच्या चारी बाजूंना नव्या बिल्डिंगांचं काम चालू असतं, शेजारी-पाजारी धूळ आणि आवाज म्हणून तक्रारी करतात, आणि आई दुपारी काँक्रीटच्या मिक्सरवर गाढ झोपते. विसरते ते आपण सगळेच विसरतो तेवढं. तरी किल्ली सापडेना झाली की अजून तिचा चेहरा क्षणभर बार्शीच्या ओसरीवर जाऊन येतो. माझ्या मनगटावर मुलानं एक घड्याळ बांधलंय, ते सकाळी उठल्यावर माझ्या झोपेला मार्क देतं. गणितात मिळायचे तेवढेच मिळतात. ज्या दिवशी कमी मिळतात त्या दिवशी मी सगळ्यांवर खेकसते, आणि नवरा मुलाला कुजबुजून विचारतो, आज आईची कुठली पाळी आहे?

पण मला सांगायचं होतं ते किल्ली सापडल्यानंतरच्या तिसऱ्या पाळीचं. अप्पा सकाळी आले, जेवले, झोपले. मी कडीला फडकं बांधलं. सवय ती सवय; आम्ही पुन्हा ओठ हलवून बोलायला लागलो. आई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली, कपाटातून काहीतरी काढायला. कमरेला छल्ला होता. ती चालली तशी घुंगरं वाजली, आणि संजू आणि मी जागच्या जागी थिजलो.

पांघरुणातून अप्पांचा आवाज आला. "कोण वाजवतंय गं?"

"मी," आई म्हणाली, आणि कपाट उघडलं.

अप्पांनी कूस बदलली.